मदरबोर्ड: गरजेचा की हौसेचा?



घरात कॉम्प्युटर घ्यायचा ठरला की मुलं मदरबोर्डपाशी अडतात. माझ्या नातवाने सीताबर्डीतून दोन कोटेशनं आणली. प्रोसेसर, रॅम दोन्हींत तेच. एकात साधा बी ६५० बोर्ड, दुसऱ्यात हौशी मंडळींचा एक्स ६७० ई. फरक वीस हजारांचा. मी साध्या बोर्डाच्या बाजूची आहे.

मदरबोर्ड म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. ओटा मोठा केला म्हणून पोळ्या लवकर होत नाहीत. महाग बोर्डावर जास्तीच्या एसएसडी आणि कार्डं लावायला जागा मिळते. पण प्रोसेसर तोच असेल तर रोजच्या कामाचा वेगही जवळपास तोच राहतो.

नातू म्हणतो, "आजी, पुढे अपग्रेड करता येईल." मुद्दा रास्त आहे, पण अपग्रेड ठरतं सॉकेटवर, आणि दोन्ही बोर्डांचा सॉकेट एकच, एएमडीचा एएम५. याआधीच्या एएम४चं उदाहरण घ्या. २०१७ सालच्या कितीतरी साध्या बोर्डांवर २०२२ मध्ये बायोस अपडेट करून रायझन ५००० मालिकेचे प्रोसेसर चालू लागले. एएम५लाही निदान २०२७ पर्यंत साथ देऊ, असं कंपनीने सांगितलं आहे.

शिवाय आजची हौस उद्या साधी होते. २०१६ मध्ये इंटेलचा आठ कोअरचा डेस्कटॉप प्रोसेसर हवा तर एक्स ९९ हा वेगळा महागडा बोर्ड लागे आणि नुसता प्रोसेसरच हजार डॉलरच्या वर जाई. २०१७ मध्ये रायझनने आठ कोअर साध्या बोर्डावर आणले, २०१९ मध्ये सोळा.

मी कॉमर्सची, म्हणून घसारा आठवतो. आयकराच्या हिशेबात धंद्यातल्या कॉम्प्युटरला दरवर्षी ४० टक्के घसारा धरतात. म्हणजे आजचे वीस हजार तीन वर्षांनी ४,३२० उरतात. पडून राहणाऱ्या सोयीसाठी एवढं का घालवायचं?

ज्यांचं पोट ॲनिमेशनवर किंवा मोठ्या व्हिडिओ एडिटिंगवर आहे, ज्यांना दोन-तीन ग्राफिक्स कार्डं लागतात, त्यांनी थ्रेडरिपरसारखा प्लॅटफॉर्म जरूर घ्यावा. त्यांच्यासाठी ते कामाचं हत्यार आहे. कॉलेजचं प्रोग्रॅमिंग आणि दुकानाचं जीएसटी याला तो लागत नाही.

मात्र साधा म्हणजे तळातला नव्हे. प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर धातूचा हीटसिंक आहे ना, ते बघून घ्या. आपल्या नागपुरात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता. इथे वाचलेल्या पैशांतून आधी चांगला पॉवर सप्लाय, हवा खेळती राहील असा कॅबिनेट आणि यूपीएस घ्यावा. उरलेली रक्कम नातवाच्या नावाने बँकेत ठेवावी. तीन-चार वर्षांनी त्याच सॉकेटमध्ये बसणारा नवा प्रोसेसर त्यातून घेता येईल, आणि तेव्हा त्याला खरंच काय लागतं हेही कळलेलं असेल.