बंदूक हक्काची, जबाबदारी कोणाची?

अमेरिकेत एखाद्या शाळेत गोळीबार झाला की आठवडाभर हळहळ होते आणि मग ठरलेला युक्तिवाद पुढे येतो: काय करणार, बंदूक बाळगण्याचा हक्क त्यांच्या राज्यघटनेतच आहे. आपल्याकडचे काही जण त्याच्याही पुढे जाऊन विचारतात, हा हक्क आम्हा भारतीयांना का नाही? हक्क अमेरिकेच्या घटनेत आहे, हे निर्विवाद. तो बेलगाम आहे, हे मात्र साफ चूक आहे. आणि ज्यांनी तो लिहिला त्यांच्याच वर्तनातून ही चूक दाखवता येते.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू. १७९१ साली मंजूर झालेल्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत एकच वाक्य आहे. स्वतंत्र राज्याच्या सुरक्षिततेसाठी शिस्तबद्ध नागरी सेना आवश्यक असल्यामुळे शस्त्र बाळगण्याच्या लोकांच्या हक्कावर गदा येणार नाही, असा त्याचा आशय. बंदूकवादी म्हणतात, हा हक्क जुलमी सरकारविरुद्ध उभं राहण्यासाठी दिला आहे. सरकारनंच त्याच्यावर अटी घातल्या तर त्याला अर्थ काय उरला?

पण दुरुस्ती मंजूर झाल्यावर वर्षभराच्या आतच, १७९२ मध्ये, अमेरिकी काँग्रेसनं नागरी सेनेचा कायदा केला. १८ ते ४५ वयाच्या प्रत्येक धडधाकट गोऱ्या पुरुष नागरिकानं या सेनेत नाव नोंदवायचं. सहा महिन्यांच्या आत स्वखर्चानं चांगली बंदूक, संगीन, चकमकीचे दोन जादा दगड आणि किमान २४ काडतुसं मावतील अशी पिशवी घ्यायची. आणि बोलावणं आलं की हे सगळं घेऊन कवायतीला हजर व्हायचं. म्हणजे सेनेतल्या माणसांकडे कसलं हत्यार आहे, याची सरकारदरबारी तपासणी आणि नोंद होत होती. आज नोंदणीचं नाव काढलं तरी ‘घटनाद्रोह’ अशी ओरड होते. घटनाकारांच्या पिढीला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. पुढे १७९४ मध्ये पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या शेतकऱ्यांनी दारूवरच्या कराविरुद्ध हत्यारं उपसली, तेव्हा हीच नागरी सेना बोलावून राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन स्वतः घोड्यावर बसून बंड मोडायला निघाले. बंड मोडण्यासाठी या सेनेला पाचारण करण्याचा अधिकार मूळ घटनेनंच काँग्रेसला दिलेला आहे. सरकार उलथण्यासाठी हा हक्क दिला, असं म्हणणाऱ्यांनी या इतिहासाचं काय करायचं ते सांगावं.

दुसरा मुद्दा स्वसंरक्षणाचा. तो वजनदार आहे आणि मला मान्यही आहे. २००८ च्या हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी हा वैयक्तिक हक्क असल्याचा निर्वाळा दिला. पण बहुमताचं निकालपत्र लिहिणाऱ्या न्यायमूर्ती स्कॅलिया यांनीच त्यात स्पष्ट केलं, की हा हक्क अमर्याद नाही. गंभीर गुन्हेगारांना बंदी, शाळांसारख्या ठिकाणी मनाई, विक्रीवरच्या अटी यांना या निकालानं धक्का लागत नाही. बंदूकवादी या निकालाचा अर्धाच भाग सांगतात.

२०२२ च्या ब्रुएन निकालानं मात्र घोळ घातला, असं माझं स्पष्ट मत आहे. बंदुकीवरचं कुठलंही बंधन जुन्या अमेरिकी परंपरेत बसतं हे सरकारनं सिद्ध करावं, अशी कसोटी सर्वोच्च न्यायालयानं लावली. परिणाम काय झाला? सोबतिणीला मारहाण केल्यामुळे न्यायालयानं ज्याला तिच्यापासून दूर राहण्याचा हुकूम दिला होता, अशा टेक्सासमधल्या एका माणसाकडे बंदुका सापडल्या. त्याला बंदुका बाळगण्यास मनाई करणारा कायदाच खालच्या अपील न्यायालयानं रद्द ठरवला, कारण पूर्वजांच्या काळात त्याच्याशी जुळणारा कायदा सापडला नाही. बायकांना मारहाण हा ज्या काळात घरातला मामला समजला जाई, त्या काळाला विचारून आजच्या बाईचा जीव वाचवायचा की नाही हे ठरवायचं! २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आठ विरुद्ध एक मतानं हा निकाल फिरवला. पण कसोटी अजून कायम आहे.

‘गुन्हेगार कायदा पाळतच नाहीत’ हा तिसरा युक्तिवाद, आणि आपल्याकडे गावठी कट्ट्याचा दाखला देऊन तो हमखास केला जातो. टेक्सासमधल्या युवाल्डे इथं २४ मे २०२२ रोजी १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. मारेकऱ्यानं अठरा वर्षं पूर्ण होताच रायफली रीतसर दुकानातून विकत घेतल्या होत्या. बंदूकधारी सज्जन असला की दुर्जन आटोक्यात येतो, असं म्हणतात. तिथं पावणेचारशेच्या आसपास सशस्त्र पोलीस जमले आणि मारेकऱ्याला टिपायला ७७ मिनिटं लागली. शिवाय २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीनं ४८ हजारांहून अधिक माणसं गेली, त्यांतल्या २६ हजारांहून अधिक आत्महत्या होत्या. या माणसांचा गुन्हेगारीशी काय संबंध? निराशेचा झटका ओसरतो. बंदूक हाताशी असेल तर तो ओसरायला वेळच मिळत नाही.

खरा कस लागतो तो कृष्णवर्णीयांच्या युक्तिवादापाशी. यादवी युद्धानंतर दक्षिणेकडच्या राज्यांनी कायदे करून मुक्त झालेल्या गुलामांची हत्यारं काढून घेतली आणि त्यांना झुंडींच्या तोंडी दिलं. १९६७ मध्ये कृष्णवर्णीयांच्या ‘ब्लॅक पँथर्स’ संघटनेचे लोक उघडपणे बंदुका घेऊन फिरू लागले, तेव्हा कॅलिफोर्नियात त्याविरुद्ध कायदा झाला आणि त्यावर सही केली गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी. नियंत्रणाचा बडगा दुबळ्यांवरच पडतो, हा कृष्णवर्णीयांचा अनुभव खोटा नाही.

यावरचं उत्तर मला आपल्या संविधान सभेत सापडतं. १८७८ च्या शस्त्र कायद्यानं गोऱ्यांना मोकळीक आणि हिंदी माणसाला परवाना असा उघड भेद केला. गांधीजींनी त्या कायद्यावर कडक टीका केली ती साऱ्या राष्ट्राला निःशस्त्र केल्याबद्दल. ती टीका आज बंदुकीच्या प्रचारासाठी वापरणं हा गांधीजींवर अन्याय आहे. १९३१ च्या कराची ठरावात भारतीय राष्ट्रीय काँग्रेसनं शस्त्राचा हक्क मागितला, तोही नियमांच्या अधीन राहून. त्याच ठरावाच्या आधारे डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेचे सदस्य ह. वि. कामत यांनी तो मूलभूत हक्कांत घालण्याची सूचना मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. मागणीमागचा पारतंत्र्याचा इतिहास त्यांनी मान्य केला. पण कोणीही बाजारात जाऊन हवं ते हत्यार विकत घेऊ लागला तर राज्य चालणार कसं, असा त्यांचा सवाल होता. आग्रह धरायचाच तर शस्त्र धरण्याच्या हक्काचा नको, कर्तव्याचा धरा, असं त्यांनी बजावलं. वॉशिंग्टनच्या काळातला कायदा नेमकं तेच सांगत होता. भेदभावावरचा उपाय सर्वांना सारखा, लेखी, अधिकाऱ्याच्या मर्जीवर न चालणारा नियम हा आहे. नियमच नको म्हणणं हा नाही. (आपला परवानाही ओळखीपाळखीवर मिळतो अशी तक्रार आहे. ती दूर करायची तर हीच वाट.)

अमेरिकेनं हक्क ठेवला आणि त्याला जोडलेलं कर्तव्य सोडून दिलं. केंद्रीय कायद्यानुसार आजही खासगी माणसाकडून बंदूक घेताना पूर्वचौकशी लागत नाही. दुकानातल्या खरेदीत २१ वर्षं पूर्ण झालेल्या ग्राहकाच्या चौकशीचं उत्तर कामकाजाच्या तीन दिवसांत आलं नाही, तर दुकानदार बंदूक विकू शकतो. २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ जणांना मारणाऱ्याच्या हाती बंदूक पडली ती याच फटीतून. प्रशिक्षण आणि परवाना, प्रत्येक विक्रीआधी चौकशी, घरात कुलूपबंद ठेवण्याची सक्ती: यातल्या एकाही अटीनं सरळमार्गी माणसाचा हक्क जात नाही.

अमेरिकेत हजारो मराठी घरं आहेत. तिथली मुलं शाळेत दिवे मालवून, दाराला कडी लावून, वर्गाच्या कोपऱ्यात चूप बसण्याचा सराव करतात. त्यांच्या ज्या आईबापांना मताचा अधिकार आहे, त्यांनी मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला वरच्या तीन अटींवर हो की नाही, एवढं स्पष्ट विचारावं आणि त्या उत्तरावर मत द्यावं.