मैत्री उघड झाली, पाण्याचा हिशेब मात्र झाकलेलाच

संगमनेर तालुक्यातील घारगाव-साकूरच्या पठारावर डाळिंबाच्या बागेत शिरले की प्रत्येक झाडाच्या बुडाशी एक काळी नळी दिसते. शेतकरी तिला ‘ठिबक’ म्हणतो. तिचे मूळ गाव कोणते, याची चौकशी करण्याचे त्याला कारण नाही. झाड जगते, एवढे त्याला पुरे. या नळीचे व्यावसायिक रूप १९६५ साली इस्रायलच्या नेगेव वाळवंटातील हत्झेरिम नावाच्या सामूहिक वसाहतीत सिद्ध झाले. सिमचा ब्लास या जलअभियंत्याची ती कल्पना. १९८० च्या दशकात ती महाराष्ट्रात पोहोचली, राज्य शासनाने तिला अनुदान दिले, जळगावच्या उद्योगाने ती घरोघरी नेली. म्हणजे इस्रायलची विद्या मराठी शेतकऱ्याच्या बांधावर आली तेव्हा नवी दिल्लीत इस्रायलचा राजदूत नव्हता आणि इस्रायलमध्ये भारताचा नव्हता. शेतकऱ्याला जे कळले ते परराष्ट्र मंत्रालयाला कळण्यास १९९२ उजाडावे लागले!

भारत-इस्रायल मैत्रीचे गोडवे आज सर्वत्र गायिले जातात. जुलै २०१७ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी इस्रायलला गेले. त्या भूमीवर पाऊल ठेवणारे ते पहिले भारतीय पंतप्रधान. जानेवारी २०१८ मध्ये नेतान्याहू दिल्लीला आले, तीन मूर्ती चौकाला हैफाचे नाव जोडले गेले आणि २३ सप्टेंबर १९१८ रोजी हैफा मुक्त करणाऱ्या जोधपूर व म्हैसूरच्या घोडेस्वारांचे उचित स्मरण झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन्ही देशांनी गुंतवणूक करारावर स्वाक्षऱ्या केल्या. हे सारे अभिमानास्पदच आहे. परंतु ही मैत्री इतकी वर्षे कोणी आणि कशासाठी दडवून ठेवली, हा प्रश्न विचारल्यावाचून पुढे जाता येणार नाही.

भारताने इस्रायलला मान्यता दिली १७ सप्टेंबर १९५० रोजी. त्यानंतर मुंबईत एक वाणिज्य दूतावास उघडू दिला आणि तेथेच हात आखडला. १९६२ साली चीनचे सैन्य उरावर बसले तेव्हा पंडित नेहरूंनी बेन-गुरियन यांच्याकडे शस्त्रसाहाय्य मागितले. १९७१ च्या युद्धातही इस्रायली तोफगोळे उपयोगी पडले. संकटात हाक मारायची, संकट टळले की ओळख दाखवायची नाही, याला अलिप्तता म्हणत नाहीत. १९७७ च्या ऑगस्टमध्ये मोशे दायान मोरारजी देसाई यांच्या भेटीस आले ते गुप्तपणे. म्हणजे जनता सरकारलाही हा संकोच सुटला नव्हता. आणि १९८२ साली मुंबईतील इस्रायली वाणिज्यदूताने एका मुलाखतीत भारताच्या धोरणावर टीका केली म्हणून त्याला देशाबाहेर काढण्यात आले.

या वर्तनाचे समर्थन असे केले जाई, की उघड मैत्री केली तर अरब राष्ट्रे दुखावतील, तेल अडेल, पॅलेस्टिनींवर अन्याय होईल. आणि घरच्या मतपेढीचे गणित बिघडेल, हे कोणी मोठ्याने बोलत नसे. प्रत्यक्षात काय घडले? चार युद्धे लढलेल्या इजिप्तने १९७९ मध्ये इस्रायलशी तह केला. त्यानंतर बारा-तेरा वर्षे आमचे मुत्सद्दी अरबांहून अधिक अरब होऊन बसले. अखेर चीननेही २४ जानेवारी १९९२ रोजी इस्रायलशी संबंध जोडले आणि पाचच दिवसांनी, २९ जानेवारीला, पी. व्ही. नरसिंह राव यांच्या सरकारने ते पाऊल उचलले. ते काँग्रेसचे पंतप्रधान होते म्हणून हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. त्यानंतर तेल अडले नाही, आखातातील लक्षावधी भारतीयांच्या नोकऱ्या गेल्या नाहीत. फेब्रुवारी २०१८ मध्ये भारताचे पंतप्रधान रामल्लालाही जाऊन आले. १९८८ मध्ये पॅलेस्टाईनला दिलेली मान्यता आजही कायम आहे. एकाशी मैत्री केली म्हणजे दुसऱ्याशी वैर, हा हिशेब मुळातच खोटा होता. १९ डिसेंबर १९४७ रोजी स्वातंत्र्यवीर सावरकरांनी ज्यू राष्ट्राच्या निर्मितीला जाहीर पाठिंबा दिला आणि संयुक्त राष्ट्रसंघातील भारताच्या विरोधी मताबद्दल खेद व्यक्त केला. तो इशारा त्या वेळी ऐकला असता तर मधली चार दशके वाया गेली नसती.

मराठी माणसाला तर या मैत्रीसाठी पुस्तकी पुराव्याची गरजच नव्हती. अलिबागजवळच्या नवगावला आपले मूळ सांगणारे, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणवले जाणारे बेने इस्रायली शतकानुशतके कोकणात निर्धास्त राहिले. इस्रायलला गेल्यावर त्यांनी मराठी सोडली नाही. त्यांच्या ज्यूपणाविषयी तेथील धर्मपीठाने शंका काढली तेव्हा ते झगडले, आणि १९६४ मध्ये तेथील संसदेला त्यांच्या बाजूने ठराव करावा लागला. बेरशेबा, दिमोना या नेगेवच्या वाळवंटी गावांत आजही मराठी कानी पडते.

येथवरचा दोष पूर्वीच्या राज्यकर्त्यांचा. पुढचा मात्र आपल्या सर्वांचा आहे आणि तो अधिक बोचणारा आहे. इस्रायलची मैत्री म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर क्षेपणास्त्रे, ड्रोन आणि कारगिलच्या वेळी वेळेवर मिळालेला दारूगोळा येतो. संरक्षणाचे महत्त्व कोण नाकारील? पण ज्या विद्येवर ते राष्ट्र वाळवंटात उभे राहिले, ती विद्या आपण अर्धीच घेतली. नळी घेतली, नियम घेतले नाहीत.

बेरशेबाच्या आसमंतात वर्षाला जेमतेम दोनशे मिलिमीटर पाऊस पडतो. पर्जन्यछायेतील संगमनेरला त्याच्या दुपटीहून कमी पडत नाही. तरीही टंचाईच्या वर्षी पठारभागात आणि निमोण-तळेगावच्या पट्ट्यात टँकरची वाट पाहावी लागते. याचे कारण आभाळात शोधण्यात अर्थ नाही. इस्रायलने १९५५ मध्येच पाणी मोजण्याचा आणि विहीर खोदण्यावर नियंत्रण ठेवण्याचा कायदा केला; १९५९ मध्ये जमिनीवरचे व जमिनीखालचे सारे पाणी राष्ट्राचे ठरवले. शेतकऱ्याला त्याचा कोटा ठरवून मिळतो. सांडपाण्याचा जवळजवळ नव्वद टक्के भाग शुद्ध करून पुन्हा वापरात आणला जातो, तोही मुख्यतः शेतीत. ठिबकची नळी या व्यवस्थेचे शेवटचे टोक आहे. आपण टोक उचलून आणले आणि व्यवस्था तेथेच ठेवली.

परिणाम उघड आहे. ठिबकने वाचवलेले पाणी भूगर्भात शिल्लक राहण्याऐवजी आणखी एकरभर बाग वाढवण्यात जाते. शेततळे पावसाचे पाणी साठवण्यासाठी. पण प्लास्टिकचे अस्तर घातलेल्या अनेक शेततळ्यांत उपशाचे पाणी चढते आणि उन्हात वाफ होऊन उडते. शेजाऱ्याचे बोअर तीनशे फूट तर आपले पाचशे! राज्याचा भूजल कायदा २००९ चा आहे. त्याची झळ कोणत्या बोअरच्या गाडीला लागलेली दिसत नाही. प्रवरेच्या कालव्याखाली ऊस आहेच. राज्यातील लागवडीच्या चार टक्क्यांहून कमी क्षेत्रावरचा ऊस सिंचनाचे सुमारे सत्तर टक्के पाणी पितो, ही नोंद केंद्राच्या कृषिमूल्य आयोगाचीच आहे.

संगमनेरला हे सांगण्यासाठी इस्रायलहून कोणी येण्याची गरजही नव्हती. याच तालुक्यातील जवळे कडलगचे दत्ता देशमुख यांनी वि. म. दांडेकर आणि देऊस्करांसह १९७९ मध्ये आठमाही पाण्याचा अहवाल दिला. विचाराने ते डावे होते. पण पाणी सर्वांचे, ते अधिकाधिक शेतांना मिळाले पाहिजे, हा त्यांचा आग्रह डाव्या-उजव्यांच्या पलीकडचा होता. साखरेच्या राजकारणाने तो अहवाल गोड बोलून बाजूला सारला.

आता प्रश्न अधिक निकडीचा झाला आहे. १९७० मध्ये कल्पना मांडलेल्या निळवंडे धरणाच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण २६ ऑक्टोबर २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. दोन पिढ्या वाट पाहिलेल्या जिरायती गावांना पाण्याचे दर्शन घडले. हे पाणी किती? धरणाची क्षमता सव्वाआठ टीएमसीच्या आसपास, वरचे १९२६ चे भंडारदरा अकरा टीएमसीचे. त्यातूनच तुटीच्या वर्षी जायकवाडीला सोडावे लागते. २००५ चा कायदा, मेंढेगिरी समितीचे सूत्र आणि २०१६ चा उच्च न्यायालयाचा निकाल यांनी ते बंधनकारक केले आहे. दरवर्षी ऑक्टोबरात नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा असा कलह पेटतो, मोर्चे निघतात. एकाच गोदामाईची लेकरे एकमेकांवर धावून जातात आणि दोन्हीकडे ऊस मात्र निर्धास्त उभा असतो.

भारत-इस्रायल कृषी सहकार्यातील डाळिंबाचे केंद्र राहुरीच्या कृषी विद्यापीठात आहे, संगमनेरपासून तासा-दीड तासावर. छाटणी, बहार धरणे, तेल्या-मर रोगांवरील उपाय, खतासह पाणी देण्याचे वेळापत्रक हे सारे तेथे शिकता येते. तेथे सहल काढून, नळीबरोबर छायाचित्र घेऊन परतणाऱ्यांची संख्या थोडी नाही. घरी आल्यावर आपल्या विहिरीवर मीटर बसवणारे किती? पाणीवापर संस्थांना मोजून पाणी देण्याची तरतूदही २००५ पासून कायद्यात आहे. जेरुसलेमशी करार करण्यासाठी दिल्ली लागते. निळवंड्याच्या चारीच्या तोंडाशी मोजमाप बसवण्यासाठी गावातील पाणीवापर संस्थेची एक बैठक पुरते. ती पुढच्या आवर्तनापूर्वी घ्यावी लागेल, कारण ज्या शेतात एकदा ऊस उभा राहिला तेथून पाणी काढून घेणे महाराष्ट्रात आजवर कोणत्याही सरकारला साधलेले नाही.