जुम्याची सुट्टी आणि सायकलवरचे डाकू

मालेगावचे नाव वर्तमानपत्रात आले की बातमी बहुधा चांगली नसते. २००१ची दंगल, २००६ आणि २००८चे बॉम्बस्फोट, त्यानंतर वर्षानुवर्षे चाललेले खटले. २००६च्या स्फोटानंतर मुसलमान माणसेच पकडली गेली आणि २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. २०२५च्या फेब्रुवारीत मात्र हेच नाव वेगळ्या कारणाने देशभर गेले. रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ चित्रपटगृहांत आला आणि मालेगावच्या मोहल्ल्यांत चार-दोन मित्र मिळून सिनेमे कसे काढत, हे लोकांना कळले.

सिनेमा पाहावा की पाहू नये यावर आपल्या घरांत मतभेद आहेत. तो वाद आज बाजूला राहू दे. आम्हाला पडलेला प्रश्न निराळा आहे. इतक्या युक्त्या याच गावाला का सुचल्या?

युक्त्या होत्याच तशा. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला, तोही मुंबईत एका दिवसाच्या चित्रीकरणालाही पुरणार नाही एवढ्या पैशांत. घोडे परवडत नव्हते म्हणून डाकू सायकलींवरून आले. कॅमेरा लग्नाच्या शूटिंगचा. तो सरकत न्यायचा तर सायकलवर, उंच न्यायचा तर बैलगाडीच्या आधाराने. पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ निघाला. त्यातला काडीपैलवान नायक शफीक हा लूमवर काम करणारा मजूर. त्याला उडवायला गाडीला बांधलेले लाकूड आणि मागे हिरवे कापड. फैजा अहमद खान यांनी या चित्रीकरणावर माहितीपट केला, म्हणून हे सगळे आज पाहायला मिळते. पडद्यावर तंबाखूशी झुंजणारा शफीक पुढे तोंडाच्या कर्करोगाने गेला, ही त्यातली सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट.

मालेगावची माणसे जात्याच हुशार, एवढे म्हणून थांबले की विषय संपतो. आम्हाला ते पटत नाही. हुशार माणसे सगळ्या गावांत असतात. त्यांच्या भोवती काय असते, ते पाहायला हवे.

मुंबई-आग्रा रस्त्यावरचे हे गाव. १८५७च्या बंडानंतर आणि मागाहून पडलेल्या दुष्काळांत उत्तर हिंदुस्थानातले मोमीन विणकर हातमागाचे कसब घेऊन मोसमच्या काठी आले. पुढे हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली. माग बहुधा जुनेच, दुसऱ्याने वापरून टाकलेले. जुने यंत्र चालवायचे तर ते उघडता आले पाहिजे. म्हणून गल्लीगल्लीत जॉबर, लेथवाले, वेल्डर, मोटर भरणारे तयार झाले. कंपनीचा माणूस येईल म्हणून वाट पाहायची चैन इथे कोणाला नव्हती. एकाच्या लूमचा भाग मोडला की शेजारचा आपल्याकडचा आणून बसवतो आणि बसवताना तो कसा घासला तर बसतो हेही दाखवतो. ही विद्या कुठल्या शाळेत शिकवली जात नाही, पण ती साऱ्या मोहल्ल्याची असते. सायकलवर कॅमेरा बसवायला अशीच माणसे लागतात.

दुसरी गोष्ट सुट्टीची. बाकीचे राज्य रविवारी विसावते, मालेगावचे कारखाने जुम्याला थांबतात. बारा बारा तासांच्या पाळीत खडखडाट ऐकून बधिर झालेले हजारो मजूर एकाच दिवशी मोकळे होतात. नमाज, मग चहाची हॉटेले, मग व्हिडिओ पार्लर. म्हणजे प्रेक्षक आयताच एकत्र. त्यातले निम्मे पडद्यावरच्या माणसाला ओळखतात. मुंबईत पडलेला सिनेमा माणसाला रस्त्यावर आणतो, इथे फसला तर पुढचे चार जुमे चहावाला चिडवणार, एवढेच. चुकायला परवानगी असलेल्या गावातच माणूस काही करून पाहतो, असे आमचे मत आहे.

तिसरी गोष्ट भाषेची. मुशायऱ्यांना गर्दी करणारे, उर्दू वर्तमानपत्र हॉटेलात मोठ्याने वाचणारे हे गाव आहे. संवाद लिहिणारा, उपहास कळणारा माणूस शोधायला लांब जावे लागत नाही.

इतके सगळे असूनही मालेगावची कल्पकता पोटापाण्याच्या धंद्यात का दिसत नाही? एकेकाळी दिसत होती. मालेगावची रंगीत सुती लुगडी खेडोपाडी विकली जात. लुगडे म्हटले की रंगारी आला, काठाची नक्षी जुळवणारा आला, कुठल्या भागात कोणता रंग खपतो हे जाणणारा आला. कृत्रिम धाग्याच्या साड्या आल्या आणि हे मोडले. आता बहुतेक माग साधे कच्चे कापड विणतात, ते रंगायला पाली-बालोतऱ्याकडे जाते. सूत व्यापाऱ्याचे, कापडही त्याचेच, कारखानदाराला मीटरमागे मजुरी. अशा व्यवस्थेत नवे कापड काढून पाहण्याचा धोका कोण पत्करणार?

इथे इचलकरंजी आठवते. तिथे १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला, जहागिरदार घोरपडे यांचा त्याला आधार होता. पुढे सहकारी सूतगिरण्या झाल्या, सहकारी बँका झाल्या, कापडाचे प्रकार बदलत गेले आणि बिनधोट्याचे नवे मागही आले. तिथेही मजुरीवर विणणारे आहेत, तिथेही मंदी येते. पण नवे करून पाहणाऱ्याच्या मागे उभी राहणारी एखादी संस्था तिथे होती. मालेगावात तो भार बिरादरी आणि उधारीवर पडला. बिरादरी लग्नाला, आजारपणाला धावून येते, नव्या यंत्राला तिचे हात पुरत नाहीत. त्यात दंगलींनी मोसमच्या अलीकडचे आणि पलीकडचे अंतर वाढवले. व्यापार चालतो, पण व्यवहारापलीकडचा विश्वास, ज्यावर भागीदारी उभी राहते, तो आटला.

म्हणूनच ‘जुगाड’ या शब्दाचे जे कौतुक चालते त्याचा आम्हाला थोडा राग येतो. बैलगाडीवर कॅमेरा पाहून शहरातली माणसे खुश होतात. कॅमेऱ्याला नीट क्रेन मिळाली असती तर त्याच मुलांनी काय केले असते, हे विचारायचे राहून जाते.

सरकार, बँका, व्यापारी यांच्याबद्दल एवढे बोललो, आता आपल्या घराबद्दलही बोलायला हवे. त्या सिनेमांत नायिका गावातली नव्हती, ती बाहेरून आणावी लागे. आपल्या मुलींनी पडद्यावर जावे असे आमचे म्हणणे नाही. पण गावातल्या निम्म्या डोक्यांना जागा नसली की काय होते, ते यावरून दिसते. हातमागाच्या काळात सूत उकलणे, कांडी भरणे ही कामे बायकाच करत. धागा कुठे तुटतो आणि का, हे त्यांच्या बोटांना ठाऊक असे. नवा माग बसवताना त्यांना कोणी विचारल्याचे आमच्या ऐकण्यात नाही. आज घराघरांत बारावी-पदवीपर्यंत शिकलेल्या मुली आहेत. रंगसंगती, कापडाची नक्षी, संगणकावर हिशेब, ऑनलाइन विक्री यांतले बरेचसे काम उंबऱ्याच्या आतूनही होते, आणि ज्यांना कारखान्यात बसून करायचे आहे त्यांच्यासाठी एक स्वच्छ खोली आणि वेगळे स्वच्छतागृह लागते. नवा माग घ्यायला कर्ज मिळत नाही हे खरे. खोली बांधायला मात्र बँकेची वाट पाहावी लागत नाही.