डावी बाजू

या सदराच्या वाचकांना आमचा शिंपी नवा नाही. नवरात्र संपले की तो चष्मा कपाळावर ढकलतो, ‘आता दिवाळीआधी जमायचं नाही’ असे येईल त्याला सांगतो, आणि मग सगळ्यांचे जमवतो. तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत त्याने माझे माप घेता घेता टेप डाव्या दंडाभोवती दोनदा फिरवली आणि म्हणाला, “बाई, डावी बाही उजवीपेक्षा पाऊण इंचानं कमी धरू का? दंड उतरलाय तुमचा.”

चाळिशी ओलांडलेल्या बाईला ‘उतरलात’ असे कोणी म्हटले तर तिला बरेच वाटते. पण सगळी बाई जागच्या जागी आणि एकच दंड उतरलेला, हे काही सुलक्षण नव्हे. मी हसून म्हटले, “दोन्ही सारख्याच शिवा. कोण बघतंय?” त्याने शिवल्या. पाडव्याच्या दिवशी डावी बाही बुजगावण्याच्या अंगरख्यासारखी लोंबत होती, आणि खरोखरच कोणी पाहिले नाही.

मीही ते विसरले, कारण माझ्या मते ते प्रकरण संपलेले होते. त्याच वर्षी उन्हाळ्यात उत्तरपत्रिका तपासता तपासता एका दुपारी डाव्या खांद्याच्या पात्याखाली कळ आली, ती दंडाच्या मागून उतरून थेट मधल्या बोटात गेली. आठ दिवस मी हात डोक्यावर ठेवून झोपत होते. तेवढ्यानेच बरे वाटे. यथावकाश डॉक्टर झाले, मानेचे एमआरआय झाले. सहाव्या आणि सातव्या मणक्यांमधली चकती बाहेर सरकून तिथून निघणाऱ्या नसेवर दाब आला होता. शस्त्रक्रियेची गरज नाही, बहुतेकांचे काही आठवड्यांत आपोआप बरे होते, असे डॉक्टर म्हणाले, आणि सात आठवड्यांत कळ गेलीही. जाताना त्यांनी हाताच्या व्यायामाचा एक कागद दिला होता. तो मी पंधरा दिवस इमानाने पाळला आणि मग फ्रिजवर चिकटवून ठेवला. दुखणे गेले की आजार गेला, अशी आपली समजूत. वेदना ओरडून सांगते; ताकद मात्र न सांगता निघून जाते.

ही नस दंडाच्या मागचा स्नायू चालवते. लहानपणी मुले हात दुमडून बेटकुळी दाखवतात ती दंडाच्या पुढची. पण दंडाचा मोठा भाग मागचा असतो, आणि कोपर सरळ करून काहीही ढकलायचे, रेटायचे, दाबायचे म्हणजे काम त्याचे. दार लोटणे, पाटावरून हाताच्या आधाराने उठणे, सोऱ्यातून चकली पाडणे, सारे त्याच्या जिवावर. चकलीचे मुद्दाम सांगते, कारण शिंप्याआधी सोऱ्यानेच मला सांगायचा प्रयत्न केला होता. त्या वर्षी दोन्ही तळव्यांनी दाबायला गेले की सोऱ्या उजवीकडे कलंडे आणि चकली एका बाजूला फाटे. मी भाजणीला दोष दिला.

पुढच्या वर्षी श्रावणात माझ्या सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया चांगली झाली, पण वय एक्याऐंशी. खुर्चीतून पलंगावर आणि पलंगावरून खुर्चीत, दिवसातून आठ-दहा वेळा त्यांना कोणीतरी उठवावे लागे. दिवसा मदतीला बाई होत्या. संध्याकाळनंतर ते काम माझे. मार्गशीर्षातल्या एका रात्री मी नेहमीप्रमाणे दोन्ही काखांत हात घालून त्यांना उचलले, अर्धे उठवले, आणि माझे डावे कोपर घडीच्या खुर्चीसारखे मिटले. काही कळायच्या आत आई डाव्या बाजूने सरकत खाली गेल्या. मी गुडघा पुढे घातला म्हणून त्या माझ्या मांडीवरून जमिनीवर टेकल्या. लागले काही नाही. दोघीही फरशीवर बसलो होतो. त्या म्हणाल्या, “अगं, तुला लागलं का?” मी नाही म्हटले. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, “तुझा डावा हात कमी पडतो. मला कधीचं माहीत आहे. त्या बाजूला मी जरा अंग सावरून घेते.”

म्हणजे चार महिने ही एक्याऐंशी वर्षांची बाई, मोडक्या खुब्याची, मला सांभाळून घेत होती.

मराठी भाषेने डाव्याला कधीच बरे वागवलेले नाही. देवाने उजवा कौल दिला तर काम होणार, डावा दिला तर फिसकटणार. मुलगी उजवली म्हणजे बाप सुटला. आणि एखाद्याला बाजूला सारले की त्याला डावलले. मी वीस वर्षे वर्गात हे शब्द शिकवले, पण स्वतःचाच एक हात आपण डावलला आहे हे मला फरशीवर बसल्यावर कळले. भाषेत डाव्याला मानाची जागा मला एकच आठवते, ती पानात. चटणी, कोशिंबीर, लिंबू, मीठ यांची डावी बाजू नीट नसेल तर जाणकार माणूस वरणभात कालवण्याआधीच यजमानीणबाईंची परीक्षा करून मोकळा होतो.

डॉक्टरांकडे पुन्हा गेले. त्यांनी स्नायूत बारीक सुई घालून तपासणी करवली आणि स्पष्ट सांगितले. इजा झालेला मज्जातंतू वाढतो तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला इंचभर. मानेपासून दंडापर्यंत यायला वर्ष जाते. दरम्यान शेजारचे शाबूत तंतू आपल्याला फांद्या फोडून पोरक्या झालेल्या काही स्नायूपेशींना दत्तक घेतात. पण हा सारा व्यवहार दीड-दोन वर्षांचा. तेवढ्यात जे परत आले ते आले. माझे वीस महिने होत आले होते. “हा हात उजव्यासारखा होणार नाही,” ते म्हणाले. “पण आहे तेवढ्या स्नायूला तुम्ही कामच दिलेलं नाही. ते देता येईल.”

(इथे एक सूचना, कारण दिवाळी अंक घरोघर वाचला जातो. कोणाचा हात किंवा पाय कारण नसता बारीक होऊ लागला तर आधी डॉक्टर, मग व्यायाम. हातांची बोटे बोजड होणे, चालताना तोल जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे असे काही असेल तर त्याच दिवशी. आणि एका अंगाची शक्ती एकाएकी गेली, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, तर तो पक्षाघात समजून त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.)

आमच्या रस्त्याच्या टोकाला, पूर्वी पिठाची गिरणी होती तिथे आता जिम आहे. चुडीदार घालून, पदराची सवय असलेला हात उगाच खांद्याकडे नेत मी आत शिरले, तर शिकवणारा मुलगा ताडकन उभा राहिला. “मॅडम, तुम्ही!” तो माझाच विद्यार्थी निघाला. शेवटच्या बाकावरचा, मराठीत कसाबसा पास झालेला. मी कोणे एके काळी त्याच्या निबंधावर ‘सराव कमी आहे’ असा शेरा मारला होता, हे त्याने मला पहिल्याच दिवशी आठवून दिले.

त्याने दोन वजनकाटे आणले, एका बाकावर शेजारी शेजारी ठेवले आणि मला प्रत्येकावर एक तळवा ठेवून, जोर काढताना वाकतो तसे वाकायला सांगितले. मला वाटत होते मी अगदी समसमान रेटते आहे. काटे म्हणाले, उजवा एकोणीस किलो, डावा अकरा. मी पुन्हा केले, मुद्दाम डावीकडे भार देऊन. डावा बारा. खरी गोम इथे आहे. शरीर हा फार हुशार कामचुकार आहे. दोन हातांनी उचलायची एकच लांब दांडी दिली तर बलवान हात निमूटपणे जास्त वाटा उचलतो, काम पार पडते, आणि मालकाला हिशेब कळतच नाही. त्यात वाईट हेतू कोणाचाच नसतो. पण रोज पार पडणाऱ्या त्या कामात दुबळ्या हाताच्या वाट्याला मेहनत येत नाही, म्हणून तो दुबळाच राहतो. घरात थोरली मुलगी सगळे करते म्हणून धाकटीला चहासुद्धा येत नाही, तसेच हे.

म्हणून नियम ठरला तो असा. प्रत्येक हाताला वेगळे वजन. सुरुवात डाव्याने, कारण तेव्हा आपण ताजे असतो. डाव्याने जितक्या वेळा उचलले तितक्याच वेळा उजव्याने, त्याहून एकदाही जास्त नाही. “उजव्याचे लाड नकोत, मॅडम,” असे तो रोज बजावतो. आपल्या तालमींतून एकेका हाताने मुद्गल फिरवत, त्यातही हीच सोय होती. ज्याचा त्याचा हिशेब वेगळा.

पहिल्या दिवशी डाव्या हाताने एक किलोचे वजन डोक्यामागून वर नेताना आठव्या वेळी हात थरथरला. उजवा चार किलो सहज नेत होता. शेजारी कॉलेजची पोरे वीस-वीस किलोंची वजने घेऊन आरशात पाहत होती, आणि मी दुधाच्या पिशवीएवढे वजन घेऊन घामाघूम. त्यातही चोरी होत होती. खांदा कानाशी जाई, कंबर उजवीकडे झुके, कोपर बाहेर पळे. तो मागे उभा राहून एकेक चोरी पकडे. त्याचे डोळे माझ्या लाल पेनाहून कडक आहेत.

मधे एकदा डाव्या मनगटाला मुरड बसली आणि तीन आठवडे त्या हाताला सुट्टी मिळाली. मला वाटले, सगळे फुकट गेले. पण उजव्याचा व्यायाम चालू ठेवा म्हणून सांगण्यात आले, आणि त्याचे कारण फार गमतीचे आहे. 1894 मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या दोन स्त्री-सहकाऱ्यांनी असे दाखवले की एकाच हाताने मूठ आवळण्याचा सराव केला तर न केलेल्या दुसऱ्या हाताचीही पकड वाढते. पुढे हे अनेकांनी तपासले. स्नायू फुगतो तो ज्याचा त्याचा, पण मेंदू जे शिकतो त्याचा थोडा प्रसाद दुसऱ्या बाजूलाही मिळतो. म्हणजे उजव्याला डाव्याचे काम करू द्यायचे नाही, पण त्याने स्वतःचे काम केले तर त्याचा डाव्याला उपयोगच आहे. एकत्र कुटुंबात राहिलेल्यांना हे समजावून सांगायला नको.

आणि मुळात कोणाचे दोन्ही हात सारखे असतात? उजव्या हाताने कामे करणाऱ्यांची उजवी मूठ डावीपेक्षा साधारण दहा टक्क्यांनी घट्ट असते. टेनिसपटूंच्या खेळायच्या दंडाचे हाडसुद्धा जाड होते. राफाएल नदाल लिहितो उजव्या हाताने, आणि फ्रान्समधली ती मातीवरची स्पर्धा त्याने 14 वेळा जिंकली ती डाव्या हाताने. हे वाचून मला फार धीर आला, असे मात्र म्हणवत नाही. नदालला त्याच्या आईला खुर्चीतून उठवायचे नव्हते.

त्या उठवण्याचे काय झाले तेही सांगायला हवे. एक फिजिओथेरपिस्ट बाई घरी आल्या आणि त्यांनी माझी पद्धतच चुकीची ठरवली. काखेत हात घालून ओढायचे नाही. त्याने म्हाताऱ्या माणसाचा खांदा दुखावतो आणि आपली पाठ. आईंच्या कमरेला रुंद पट्टा बांधायचा, त्यांनी खुर्चीच्या कडेशी सरकायचे, पावले मागे घ्यायची, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईल इतके वाकायचे, आणि तीन म्हणताच दोघींनी उठायचे. बळ माझ्या मांड्यांचे, हात फक्त पट्टा धरायला. आणि मी उभी राहायचे ते त्यांच्या डाव्या अंगाला, माझा उजवा हात त्यांच्या पाठीमागून जाईल असे. डावा पुढे, त्यांच्या हातात. पहिल्यांदा तसे केले तेव्हा त्यांनी माझ्या डाव्या हाताची बोटे इतकी घट्ट धरली की मधल्या बोटाला मुंग्या आल्या.

बावीस महिने झाले. डाव्या हातात आता तीन किलो, उजव्यात पाच. काट्यांवर सतरा आणि चौदा. शिंप्याने परवा टेप फिरवली. फरक अर्ध्या इंचावर आला आहे, आणि गेले सात-आठ महिने तो तिथेच ठाण मांडून आहे. व्यायाम चार दिवस चुकला की डावा आधी रुसतो, हेही ठरून गेलेले. “बाह्या?” त्याने विचारले. मी म्हटले, “ज्याच्या त्याच्या मापानं शिवा.” तो म्हणाला, “दिवाळीआधी जमायचं नाही.”

काल चकल्या केल्या. आई टेबलाशी खुर्चीत बसून देखरेख करत होत्या. पहिले दोन घाणे नीट पडले, तिसऱ्याला डावा थकला आणि सोऱ्या पुन्हा उजवीकडे झुकू लागला. मी थांबून हात झटकत होते, तेवढ्यात त्यांनी पुढे वाकून आपला सुरकुतलेला तळवा माझ्या डाव्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, “हं, दाब आता.” उरलेले पीठ आम्ही असेच संपवले. जिममधल्या मुलाला हे मी सांगितलेले नाही.