तुंबलेली मोरी

आमच्या माळव्यातील मराठी घरांत ‘नाली चोक झाली’ असे म्हणण्याचा प्रघात आता रूढ झाला आहे. जुनी माणसे ‘मोरी तुंबली’ म्हणत. आम्हांस जुनाच शब्दप्रयोग अधिक अर्थवाही वाटतो. कारण मोरी एका दिवसात बंद होत नसते, ती आठवडेच्या आठवडे तुंबत आलेली असते.

स्वयंपाकघरातील मोरीचा खरा वैरी खरकटे नव्हे, तर ओशटपणा होय. तळणीचे तेल व तूप कढत असता पातळ असते. पाइपाच्या थंड अंगास लागताच ते थिजते. त्या थरावर चहाचा चोथा, भाताची शिते आणि साबणाचा मळ बसत जातो. म्हणून कढई घासण्यापूर्वी रद्दी कागदाने पुसून घ्यावी. मोरीवर बारीक जाळी असावीच. न्हाणीघरात हेच काम केस करतात.

बेसिनखाली पाइपाला जो बाक असतो, त्यात थोडे पाणी सदैव राहते. गटारातील दुर्गंधी वायू घरात येऊ नयेत म्हणून ती योजना आहे. पुष्कळदा अडथळा तेथेच सापडतो. खाली बादली ठेवून तो भाग हाताने उकलावा व धुऊन पुन्हा बसवावा. ते जमत नसेल, तर लाकडी दांड्याची रबरी वाटी आणावी. ती बुडेल इतके पाणी बेसिनमध्ये राहू द्यावे, वरचे दुसरे भोक ओल्या फडक्याने घट्ट बुजवावे आणि वाटी दहा-बारा वेळा जोराने खालीवर करावी. फडके न लावता केलेली मेहनत फुकट जाते, कारण दाब त्या भोकातून निसटतो. नंतर गरम पाणी सोडावे. मात्र पाइप प्लॅस्टिकचे असतील तर उकळते नको, ते मऊ पडतात.

एवढ्यावर धीर सुटला की लोक तेजाबाची बाटली आणतात. आमचा यास स्पष्ट विरोध आहे. फरशीचे तेजाब आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली की क्लोरीन हा विषारी वायू निघतो. कोंदट न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. पुडीतील कॉस्टिक सोडा पाण्याशी मिळताच तापतो व उसळून डोळ्यांत उडतो. शिवाय मोरी मोकळी झाली नाही, तर ते दाहक पाणी तसेच साचून राहते आणि पुढे पाइप उघडणाऱ्याच्या हातावर येते.

अडथळा घराबाहेरच्या चेंबरात असेल, तर गृहस्थाने तेथे हात घालू नये आणि चार पैसे देऊन दुसऱ्यासही आत उतरवू नये. गटारात किंवा मैल्याच्या टाकीत संरक्षक साधनांवाचून माणूस उतरविणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे; काम सांगणारा घरमालकही त्यातून सुटत नाही. गटारात मृत्यू पावलेल्यांच्या वारसांस ३० लाख रुपये द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला. तरीही असे मृत्यू थांबलेले नाहीत. नगरपालिकेकडे यंत्राची मागणी नोंदवावी, आणि मोरीत आधी काही ओतले असल्यास येणाऱ्या कामगारास झाकण उघडण्यापूर्वीच ते सांगावे.