आडनाव निवडण्याचे गाव

गाडीत शेजारी बसलेला माणूस आधी गाव विचारतो, मग नाव विचारतो आणि नाव सांगितले की "पूर्ण नाव?" म्हणतो. त्याला काय हवे आहे हे त्यालाही ठाऊक असते आणि आपल्यालाही. भाड्याने खोली शोधणाऱ्या आमच्या पोरांना तर हा प्रश्न दारातच गाठतो. म्हणून जिथे आडनाव ज्याचे त्याने यादीतून निवडायचे, असे एक गाव जगात वसले हे कळले तेव्हा आमचे कान टवकारले.

त्या गावाचे नाव सेकंड लाइफ. सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅब या कंपनीने २००३ साली ते संगणकावर वसवले. याला खेळ म्हणावे तर इथे हार-जीत नाही. संगणकासमोर बसायचे, स्वतःसाठी एक शरीर घडवायचे (त्याला अवतार म्हणतात, हा शब्द कोणत्या ग्रंथांतून उचलला ते आमच्या वाचकांना सांगायला नको!) आणि त्या शरीराने चालायचे, उडायचे, नाचायचे, अनोळखी माणसांशी गप्पा मारायच्या. लिंडन डॉलर हे तिथले चलन खऱ्या डॉलरमध्ये बदलून मिळते. २००६ मध्ये रॉयटर्सने तिथे आपला बातमीदार बसवला, तर २००७ मध्ये मालदीव आणि स्वीडनने दूतावास थाटले. तो गाजावाजा पुढे ओसरला, पण गाव उठले नाही. आजही तिथे माणसे भेटतात.

पहिली सात वर्षे तिथे नाव स्वतःचे ठेवायचे आणि आडनाव कंपनीच्या यादीतून घ्यायचे, अशी रीत होती. त्या आडनावामागे बाप नाही, गाव नाही, जात नाही. पण या याद्या बदलत राहत. त्यामुळे कोणते आडनाव कोणत्या काळातले, हे जुन्या रहिवाशांना ओळखू येऊ लागले. २०१० मध्ये यादी बंद झाली आणि नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला 'रेसिडेंट', म्हणजे रहिवासी, हे एकच आडनाव मिळू लागले. आमच्यासारख्याला वाटेल, चला, समता आली! पण 'रेसिडेंट' म्हणजे मागाहून आलेला, हे आता उघडच दिसू लागले. लोकांना आडनावे परत हवी होती. २०२० मध्ये कंपनीने ती परत आणलीही, मात्र वर्गणी भरणाऱ्यांसाठी, आणि नाव बदलण्याचे वेगळे पैसे घेऊन. ज्या आडनावामागे काहीच नव्हते, त्यालाही माणसांनी मोल चिकटवले.

जमिनीचेही तेच. तिथे जमीन विकत किंवा भाड्याने घेता येते आणि मालकाला ती इतरांना बंद करता येते. बंदी असलेला अवतार जवळ गेला की हवेत 'नो एन्ट्री' अशा अक्षरांच्या रेघा उभ्या राहतात. वेशीबाहेर राहिलेल्यांना या रेघा नव्या नाहीत. अर्थात प्रत्येक कुंपण वाईट असते असे आम्ही म्हणत नाही. फेसबुकच्या मेटा कंपनीने २०२१ मध्ये होरायझन वर्ल्ड्स हे असेच जग उघडले, तेव्हा आधीच्या चाचणीतच एका महिलेने आपल्या अवताराशी लगट झाल्याची तक्रार केली होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये कंपनीला अवतारांमध्ये सुमारे चार फुटांचे अंतर घालावे लागले. बाईने स्वतःभोवती आखलेली रेघ वेगळी आणि गावाने कुणाला तरी बाहेर ठेवण्यासाठी आखलेली वेगळी.

आता रंगाचे पाहा. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे पॉल ईस्टविक आणि वेंडी गार्डनर या मानसशास्त्रज्ञांनी देअर डॉट कॉम या अशाच आभासी जगात एक प्रयोग केला. तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचा अवतार अनोळखी माणसाला आधी एक अवाजवी विनंती करी: माझ्याबरोबर पन्नास ठिकाणी ये, तुझी छायाचित्रे घेतो. समोरचा नकार देई. मग तो म्हणे, बरे, एकाच ठिकाणी तरी ये. एकदा नाही म्हटल्याच्या संकोचाने माणूस दुसऱ्या वेळी सहसा हो म्हणतो. गोऱ्या कातडीच्या अवताराला या संकोचाचा चांगला फायदा झाला. काळ्या कातडीच्या अवताराला बराच कमी. तिथे कातडी सदऱ्यासारखी बदलता येते, हे सगळ्यांना माहीत होते. तरीही मन राखावेसे वाटले ते गोऱ्याचेच.

म्हणून ही जगे फसवी, असे म्हणून आम्ही मोकळे होणार नाही. नॉर्वेच्या मॅट्स स्टीन या तरुणाचे स्नायू जन्मजात आजाराने झिजत गेले. तो २०१४ मध्ये पंचविसाव्या वर्षी वारला. पोरगा एकाकी गेला, असे आईवडिलांना वाटले. त्यांनी त्याच्या मृत्यूची बातमी इंटरनेटवर कळवली आणि देशोदेशीच्या माणसांची पत्रे येऊ लागली. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या खेळात तो 'इबेलिन' नावाने वावरत होता आणि कितीतरी जणांच्या अडीअडचणीत उभा राहिला होता. त्यातले काही जण अंत्ययात्रेला आले. २०२४ मध्ये 'द रिमार्केबल लाइफ ऑफ इबेलिन' या माहितीपटातून ही हकीकत जगापुढे आली. आपल्या आजाराबद्दल मात्र त्याने या मित्रांना बराच काळ सांगितले नव्हते. लोक आपल्याला आधी माणूस म्हणून पाहोत, असे त्याला वाटले असेल, तर ते आमच्याइतके कोणाला कळणार?

मॅट्सचे बोलणे टंकलेले होते, हेही विसरू नये. २०१६ नंतर मोबाइलचा डेटा स्वस्त झाला आणि आमच्या वस्त्यांतली पोरेही पबजीसारख्या खेळांत शिरली. ती खेळत असतात तेव्हा त्यांच्या कानात इअरफोन आणि तोंडाजवळ माइक असतो. पडद्यावर टोपणनाव झळकते, आडनाव कुठेच नसते. सोबतचे तिघे कुठल्या शहरातले, कुठल्या घरातले, कोणास ठाऊक. मग शत्रू दिसतो, घाईत पोराच्या तोंडून घरची बोली निसटते आणि पलीकडून कोणीतरी हसत विचारते, "कुठला रे तू?"