जमिनीची किंमत आणि जमिनीचे मोल

1873 साली महात्मा जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. कृष्णवर्णीयांच्या दास्यमुक्तीसाठी त्या लोकांनी केलेल्या त्यागाचा तो गौरव होता, व तो उचितच होता. त्याच वर्षी 5 ऑगस्टला, त्याच देशाच्या नेब्रास्का राज्यात, शिकारीस निघालेल्या पॉनी जमातीच्या जथ्यावर लकोटा योद्ध्यांनी हल्ला केला. सत्तरांहून अधिक माणसे मारली गेली. त्यांत स्त्रिया आणि मुले पुष्कळ होती. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच ही जमात पिढ्यानपिढ्यांची भूमी सोडून दक्षिणेला निघून गेली. एका समाजाच्या मुक्तीसाठी रक्त सांडणारे राष्ट्र दुसऱ्या समाजाला भूमिहीन कसे करू शकले, याचे उत्तर पॉनींच्या इतिहासात सापडते.

'रेड इंडियन' म्हटले की घोड्यावर स्वार झालेला भटका लढवय्या डोळ्यांपुढे उभा राहतो. हे चित्र चित्रपटांनी रूढ केले आहे. पॉनी हे मुळात शेतकरी. प्लॅट, लूप आणि रिपब्लिकन या नद्यांच्या काठी त्यांची गावे होती. लाकडी खांबांवर उभारलेली, मातीने झाकलेली, पूर्वेला दार असलेली घुमटाकार घरे. एकेका घरात अनेक कुटुंबे नांदत. मका, घेवडा आणि भोपळा यांची शेती स्त्रिया करीत, आणि घर व शेत यांवर अधिकार स्त्रियांचाच असे. धान्य जमिनीतील पेवांत साठवीत. वसंतात पेरणी झाली की सारे गाव बायसनच्या शिकारीस निघे, मका तयार होण्याच्या सुमारास परते, आणि कापणी आटोपून पुन्हा हिवाळी शिकारीस जाई. शिकारीतही शिस्त कडक होती. सर्वांच्या आधी पुढे घुसून कळप उधळणाऱ्याला फटके बसत, कारण एकाच्या हावेने सारे गाव उपाशी राहण्याचा धोका होता.

या जीवनक्रमाला आकाशाचा आधार होता. स्किडी शाखेच्या पॉनींनी कातड्यावर काढलेला ताऱ्यांचा नकाशा आजही शिकागोच्या संग्रहालयात आहे. वसंतातील पहिल्या मेघगर्जनेबरोबर त्यांचे धार्मिक वर्ष सुरू होई. मका ही त्यांच्या लेखी माता होती.

या समाजाला सुवर्णयुगाचा मुलामा देण्याचे कारण नाही. त्यांच्यात वंशपरंपरागत प्रमुख होते, उच्चनीचता होती. पहाटेच्या ताऱ्याच्या नावे परक्या टोळीतील मुलीचा बळी देण्याची चाल स्किडींमध्ये 1838 पर्यंत टिकून होती. तिला विरोध करणारेही त्यांच्यातूनच पुढे आले. तरुण योद्धा पेटालेशारो याने एका बंदिवान मुलीला बळीच्या जागेवरून सोडवून पळवून लावले. स्वतःच्या रूढीशी झगडण्याचे सामर्थ्य त्या समाजात होते. त्याला सुधारण्यासाठी त्याची भूमी हिरावण्याची आवश्यकता नव्हती.

भूमी हिरावली गेली ती मात्र कागदावर, करारांनी. 1831 च्या देवीच्या साथीत जमातीची जवळजवळ निम्मी माणसे दगावली, आणि 1833 साली प्लॅटच्या दक्षिणेची भूमी गेली. 1849 मध्ये पटकी आली. 1857 च्या कराराने उरलेला बहुतेक प्रदेश जाऊन लूप नदीकाठी तीस मैल लांब व पंधरा मैल रुंद एवढा पट्टा हाती राहिला. मुलांना शाळेत न धाडणाऱ्या आईबापांच्या वार्षिक रकमेतून कपात करण्याचे कलमही त्याच करारात होते. साथी आणि उपासमार यांनी वाकलेला समाज आणि सैन्य बाळगणारे सरकार यांच्यातील सहीला 'संमती' म्हणणे ही भाषेची विटंबना आहे.

सर्वांत बोचरी गोष्ट पुढेच आहे. पॉनींनी अमेरिकी सरकारशी कधी युद्ध केले नाही. उलट 1864 ते 1877 या काळात पॉनी तरुण सैन्याचे वाटाडे आणि शिपाई होते. युनियन पॅसिफिक रेल्वेच्या बांधकामाचे संरक्षण त्यांनी केले. त्याच रेल्वेने वसाहतवाले आणि कातडीचे व्यापारी आणले, बायसन संपले आणि जुन्या वैरी जमाती आक्रसत चाललेल्या शिकारभूमीवर एकमेकींवर तुटून पडल्या. लढणाऱ्या लकोटांची भूमी गेली, निष्ठावंत पॉनींचीही गेली. सत्तेला निष्ठा नको होती, जमीन हवी होती.

1870 च्या दशकाच्या मध्यास पॉनी आजच्या ओक्लाहोमात पोहोचले. तेथेही सामाईक भूमीचे वैयक्तिक तुकडे पाडण्यात आले आणि 'शिल्लक' ठरलेली जमीन 1893 साली गोऱ्या वसाहतवाल्यांना खुली झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी जमातीत साडेसहाशेच्या आसपास माणसे उरली होती. पुढे 1962 साली दावे आयोगाने सुमारे 73 लाख डॉलरांची भरपाई ठरविली. भूमी घेतली हे मान्य झाले. ती परत देण्याचा प्रश्न मात्र निघाला नाही.

पॉनी संपले नाहीत. आज जमातीची नोंदलेली संख्या तीन हजारांहून अधिक आहे. 1989 साली त्यांच्या लढ्यामुळे नेब्रास्काने कायदा केला आणि संग्रहालयाच्या खोक्यांत ठेवलेल्या शेकडो पूर्वजांच्या अस्थी पुन्हा मातीत गेल्या. दक्षिणेला नेलेला मका ओक्लाहोमाच्या मातीत नीट रुजला नव्हता. पंख पसरलेल्या गरुडासारखी खूण असलेल्या एका वाणाचे पन्नासच दाणे शिल्लक होते. 2003 नंतर ते नेब्रास्कात पाठविले गेले. पहिले पंचवीस वाया गेले, उरलेल्या पंचवीसांनी पुढच्या वर्षी पीक दिले. ते पेरण्यात वसाहतवाल्यांच्या वंशजांचा हात होता, आणि 2007 साली तेथील एका दांपत्याने आपली साठ एकर जमीन जमातीच्या नावे करून दिली.

ही सद्‌भावना स्वागतार्ह आहे. परंतु जे कायद्याने नेले ते दानाने भरून येत नाही. भरपाई जमिनीची किंमत देते. तिच्याशी जोडलेले बियाणे, पंचांग, पूर्वजांची विश्रांतीस्थाने आणि एकत्र श्रमण्याची रीत यांचा दर कोणताही आयोग ठरवू शकत नाही. म्हणून विस्थापितांच्या प्रत्येक लढ्यात पहिली मागणी पैशाची नसावी, जमिनीची असावी. पंचवीस दाण्यांनी हे सिद्ध केले आहे.